आगुदो: टोक एक, विरुद्धार्थी शब्द पाच

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं स्पॅनिश बी-वन, म्हणजे मधल्या लेव्हलला आलंय आणि एकाच आठवड्यात त्यांना 'आगुदो' (स्त्रीलिंगी नामाबरोबर 'आगुदा') हे विशेषण चार ठिकाणी भेटलं: 'बोस आगुदा' म्हणजे कसलातरी आवाज, 'क्रीसिस आगुदा' म्हणजे कसलंतरी संकट, 'ओब्सेर्वासिओन आगुदा' म्हणजे कसलंतरी निरीक्षण, आणि ग्रामरच्या धड्यात 'काफे' हा शब्द आगुदा आहे असं लिहिलेलं. डिक्शनरीत पहिलाच अर्थ 'शार्प' दिसला म्हणून त्यांनी होमवर्कमध्ये 'मी कुचीयो एस मुई आगुदो', माझा सुरा खूप धारदार आहे, असं लिहिलं आणि त्यावर लाल काट आली. मग हा शब्द नक्की कशाचा, आणि कुठे काय समजायचं?

मी पुण्यात 19 वर्षं स्पॅनिश शिकवते आणि त्यातली बरीच वर्षं हॉस्पिटलच्या कागदांचं भाषांतरही करतेय, त्यामुळे या एका शब्दाशी माझी रोजची गाठ आहे. जरा लांबण लागेल, पण नीट सांगते.

आधी तुमचा सुरा. मराठीत आपण टोक आणि धार या दोन गोष्टींची कधी गल्लत करत नाही. सुईला टोक असतं, विळीला धार असते. सुई बोथटली म्हणून कोणी तिला धार लावायला नेत नाही. स्पॅनिशमध्येही नेमकी हीच दोन घराणी आहेत. धार म्हणजे 'फीलो', आणि त्यावरून 'आफिलादो' म्हणजे धार लावलेला, धारदार. सुरा, वस्तरा, कात्री, कुऱ्हाड सगळं आफिलादो. आणि 'आगुदो' हा टोकाच्या घराण्यातला. जुन्या लिखाणात पात्याला आगुदो म्हटलेलं सापडतं, डिक्शनऱ्याही तो अर्थ देतात, पण किचनमध्ये किंवा दुकानात उभं राहून कोणी सुऱ्याला आगुदो म्हणत नाही. गडबड होते कारण आपण मधे इंग्लिशचा पूल वापरतो, इंग्लिशमध्ये टोक आणि धार दोन्हीला एकच शब्द चालतो, आपल्या मराठीत आधीपासून असलेला फरक आपण त्या पुलावर टाकून देतो आणि पलीकडे स्पॅनिशमध्ये गेल्यावर तो पुन्हा शोधत बसतो. सरळ मराठीतून गेलात तर चूक होणारच नाही.

अगदी हाताला टोचेल असं टोक असेल, म्हणजे सुळका, शिंग, बुटाचं पुढचं टोक, तर आजकाल 'पुंतिआगुदो' जास्त ऐकू येतं. 'पुंता' म्हणजे टोक, टोकाने आगुदो तो पुंतिआगुदो. आपला 'अणकुचीदार' इथे चपखल बसतो. आणि शार्पनरला स्पॅनिशमध्ये 'साकापुंतास' म्हणतात, टोकं काढणारा. आपणही पेन्सिलीला टोकच काढतो की, धार नाही लावत.

शब्दाचं मूळही सुईतच आहे. लॅटिनमध्ये 'आकुस' म्हणजे सुई, त्याच कुळातलं 'आकुएरे' म्हणजे टोक काढणं, आणि 'आकूतुस' म्हणजे टोक काढलेलं. लॅटिनमधून स्पॅनिश होताना दोन स्वरांच्या मधला क मऊ पडून ग झाला आणि त चा द झाला, म्हणून आकूतुस चा आगुदो. हा बदल एकदा लक्षात ठेवला की शेकडो शब्द उलगडतात, लाकुस चा लागो (तळं), आमीकुस चा आमीगो (मित्र), वीता ची बीदा (आयुष्य). सुईला आजही 'आगूखा' म्हणतात. आणि स्पेनमध्ये पहिल्याच दिवशी जिममध्ये जास्त व्यायाम केला की दुसऱ्या दिवशी अंगात जे काही भरतं त्याला 'आगुखेतास' म्हणतात, अंगभर सुया. तोच शब्द मेक्सिकोत बुटाच्या लेससाठी आहे, त्यामुळे मेक्सिकन माणसाला आगुखेतास दुखतायत असं सांगितलंत तर तो तुमच्या बुटांकडे बघेल. याच जुन्या मुळाची एक फांदी आपल्याकडेही आहे, संस्कृत 'अश्रि' म्हणजे कोपरा, कड, आणि चार अश्रींचा तो चतुरश्र, आपला चौरस. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, की चौरस आणि आगुदो लांबचे नातेवाईक आहेत.

आता मुख्य मुद्दा. आगुदोचे दहा-बारा अर्थ पाठ करू नका. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: इथे याचा विरुद्धार्थी शब्द कोणता? तो सापडला की अर्थ आपोआप सापडतो. माझ्या हिशोबाने रोजच्या स्पॅनिशमध्ये असे पाच विरुद्धार्थी आहेत, ओब्तूसो, ग्रावे, याना, क्रोनिको आणि सोर्दो, आणि गंमत म्हणजे त्यातले काही एकमेकांच्या पायात पाय घालतात, तिथेच चांगले चांगले लोक पडतात.

ओब्तूसो सगळ्यात सोपा. 'आंगुलो आगुदो' म्हणजे 90 अंशांपेक्षा कमी, 'आंगुलो ओब्तूसो' म्हणजे 90 पेक्षा जास्त. आपल्या शाळेच्या पुस्तकात लघुकोन आणि विशालकोन. बघा, मराठीने कोन मापाने बघितला आणि स्पॅनिशने टोकाने, एक टोचेल असा आणि एक बोथट. फक्त एक काळजी घ्या, लघुकोन त्रिकोणाला 'त्रिआंगुलो आगुदो' म्हणायचं नाही, तो 'त्रिआंगुलो आकुतांगुलो'. हा शब्द विद्वानांनी नंतर लॅटिनमधून उचलला म्हणून त्यातला क आणि त मऊ झालेले नाहीत.

आता आवाज. इथे विरुद्धार्थी 'ग्रावे'. आगुदो म्हणजे वरच्या पट्टीतला, ग्रावे म्हणजे खालचा, खर्जातला. लहान मुलाचा आवाज आगुदो, तबल्याच्या डग्ग्याचा ग्रावे. स्पीकरवरच्या ट्रेबल-बासला 'लोस आगुदोस' आणि 'लोस ग्रावेस' म्हणतात, गायिका तार सप्तकात सहज जाते त्याला 'येगा बिएन आ लोस आगुदोस' म्हणतात. शब्द न्यूट्रल आहे, त्यात तक्रार नाही. आवाज कानाला त्रास देतोय, चिरका आहे असं म्हणायचं असेल तर 'चियोन' म्हणा. आणि आगुदो म्हणजे मोठा आवाज नव्हे, मोठ्याने बोलणं ते 'एन बोस आल्ता'. आपण मराठीत 'आवाज चढला' हे दोन्हीसाठी म्हणतो त्यामुळे मुलं इथे हमखास अडकतात. जे गाणं शिकतात त्यांच्यासाठी आणखी एक: पाश्चात्त्य संगीतात स्वर अर्ध्या पायरीने वर नेला की इंग्लिशमध्ये त्याला शार्प म्हणतात, पण स्पॅनिशमध्ये तिथे आगुदो अजिबात नाही, तिथे 'सोस्तेनीदो'. आपला तीव्र मध्यम समजावून सांगायची वेळ आली तर 'फा सोस्तेनीदो' म्हणा, 'फा आगुदो' म्हटलंत तर ऐकणारा वरच्या सप्तकातला फा समजेल.

इथे एक चित्र डोळ्यांसमोर आणा म्हणजे धार आणि सूर दोन्ही एकदम पक्के होतील. स्पेनमध्ये सायकलवर किंवा लाकडी गाड्यावर दगड घेऊन गल्लोगल्ली धार लावत फिरणारा माणूस असायचा, 'आफिलादोर'. आपल्याकडे चाकू-कात्रीला धार म्हणून ओरडत येतो तोच. यातले बरेच जण गॅलिसियातल्या ओउरेन्से भागातले, त्यांची आपसात बोलायची 'बारायेते' नावाची वेगळी भाषासुद्धा होती. हा माणूस ओरडायचा नाही, छोटी पॅनपाइपसारखी, शेजारी शेजारी नळ्यांची शिट्टी वाजवायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्रकन सूर फिरायचा. त्या शिट्टीचा सूर आगुदो. तो ऐकून बायका सुरे घेऊन खाली यायच्या आणि परत नेताना सुरे आफिलादो. सुऱ्याला आगुदो आणि शिट्टीला आफिलादो असं कोणाच्या तोंडून येणारच नाही.

आता 'काफे' आगुदा का, हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न. याचं उत्तर आवाजातच आहे. जुन्या ग्रीकमध्ये शब्दातलं एक अक्षर वरच्या सुरात म्हणायचे, त्या सुराला त्यांनी 'टोकदार' असं नाव दिलं, आणि खालच्या सुराला 'जड'. रोमन लोकांनी ती नावं जशीच्या तशी लॅटिनमध्ये आणली, आकूतुस आणि ग्राविस. आपल्याकडे वेद म्हणणाऱ्यांना हे नवं नाही, वरचा तो उदात्त, खालचा तो अनुदात्त, पाणिनीचं सूत्रच आहे 'उच्चैरुदात्तः'. रोमन लिपीत वेदमंत्र छापताना विद्वान लोक उदात्तावर जी तिरकी रेघ देतात ती हीच, 'काफे'च्या शेवटच्या स्वरावर असते ती. (आणि 'ग्राविस' म्हणजे जड, हा शब्द आपल्या 'गुरु'चा सख्खा भाऊ आहे, लघु-गुरु मधला गुरु.) पुढे स्पॅनिशमध्ये वर-खाली सूर राहिला नाही, नुसता जोर राहिला, पण नावं तशीच चिकटली.

तर शेवटच्या अक्षरावर जोर असेल तो शब्द आगुदा, शेवटून दुसऱ्यावर असेल तर 'याना' (बरेच जण यालाच 'ग्रावे' म्हणतात, जुन्या 'जड'ची आठवण), आणि शेवटून तिसऱ्यावर असेल तर 'एस्द्रूखुला'. नोंद करा की 'आगुदो' हा शब्द स्वतः आगुदा नाही, त्याचा जोर 'गु'वर आहे म्हणून तो याना आहे. 'एस्द्रूखुला' मात्र स्वतः एस्द्रूखुला आहे.

लिहायचा नियम एका ओळीचा आहे. आगुदा शब्दाचा शेवट स्वराने, एनने किंवा एसने झाला तर त्या स्वरावर रेघ, नाहीतर नाही. काफे, कान्सिओन, इंग्लेस यांच्यावर रेघ, आमोर, पापेल, माद्रीद, रेलोख यांच्यावर नाही. (एसच्या आधी अजून एक व्यंजन असेल तर रेघ नाही, 'रोबोत्स' बघा. आणि एका अक्षराच्या शब्दांवर सहसा नाही.) आता मुलं इथे चुकतात: 'कान्सिओन' म्हणजे गाणं, रेघ आहे, मग 'कान्सिओनेस' गाणी, त्यावरही ठोकून देतात. नाही. अनेकवचनात एक अक्षर वाढलं, जोर होता तिथेच राहिला, म्हणून तो आता शेवटून दुसरा झाला, शब्द याना झाला, रेघ गेली. 'इंग्लेस'वर रेघ, 'इंग्लेसा' आणि 'इंग्लेसेस'वर नाही. ही रेघ शोभेची नाही. 'इंग्लेस'ची रेघ विसरलात आणि जोर पहिल्या अक्षरावर गेला तर त्याचा अर्थ इंग्लिश न राहता जांघा असा होतो. 'पापा'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर लॅटिन अमेरिकेत बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा.

मी वर्गात एक त्रिकूट फळ्यावर लिहिते आणि पंधरा मिनिटं त्याच्यावरच घालवते. तेऽर्मिनो, तेर्मीऽनो, तेर्मिनोऽ. अक्षरं तीच. पहिला एस्द्रूखुला, अर्थ संज्ञा किंवा मुदत. दुसरा याना, अर्थ मी संपवतो. तिसरा आगुदा, अर्थ त्याने संपवलं. आपल्या मराठीत जोर बदलून अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला ही सवयच नाही, मुलांना खरंच तिन्ही सारखे ऐकू येतात, त्यात त्यांचा दोष नाही. मग मी सांगते की गॅलरीतून खाली रस्त्यावरच्या माणसाला हाक मारताय असं समजून शब्द ओरडा, जो स्वर आपोआप लांबतो तो जोराचा. 'काफेऽऽ' असं येतं, 'काऽऽफे' असं येत नाही. पहिल्या दिवशी लाजतात, दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग ओरडतो आणि तिसऱ्या दिवशी कान तयार होतो.

कवितेत तर आगुदा शब्दाला पैशासारखा हिशोब आहे. स्पॅनिश छंदात ओळ आगुदा शब्दावर संपली की मोजलेल्या अक्षरांत एक वाढवायचं, एस्द्रूखुलावर संपली की एक कमी करायचं. 'या-नो-कान-ताएल-रुइ-से-न्योर' (बुलबुल आता गात नाही), मोजा, सात भरतात, पण 'रुइसेन्योर' आगुदा आहे म्हणून ओळ आठाची धरायची. का? शेवटच्या जोराच्या अक्षरानंतर कान एक रिकामी जागा ऐकतो. आपल्याकडे चालीत म्हणताना शेवटचं अक्षर ओढून मात्रा भरून काढतो तसंच काहीसं.

आता दवाखाना. इथे मी जरा हट्टाने बोलणार आहे कारण इथे चूक झाली तर माणसं घाबरतात. वैद्यकात आगुदोचा विरुद्धार्थी 'क्रोनिको'. आगुदो म्हणजे अचानक सुरू झालेलं, थोड्या काळाचं. क्रोनिको म्हणजे जुनं, रेंगाळणारं. किती गंभीर आहे याच्याशी आगुदोचा थेट संबंध नाही. गंभीर यासाठी शब्द 'ग्रावे' (हो, तोच, खर्जातला आणि जड), आणि त्याच्या विरुद्ध 'लेवे' म्हणजे हलका, सौम्य. म्हणजे आवाजात आगुदो आणि ग्रावे एकमेकांचे शत्रू, आणि दवाखान्यात दोघं एकाच आजाराला एकदम लागू शकतात.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक कागद आला. इथल्या एका कुटुंबाचा मुलगा स्पेनमध्ये शिकायला गेला होता, पोटात दुखून ॲडमिट झाला, तिथला डिस्चार्जचा कागद आईवडिलांना मराठीत हवा होता. निदान लिहिलेलं: 'पांक्रेआतीतिस आगुदा लेवे'. मी शब्दकोशाप्रमाणे 'स्वादुपिंडाचा तीव्र दाह' असं लिहिलं, आणि 'लेवे'चं काय करावं कळेना म्हणून पुढे कंसात 'सौम्य' लिहिलं. त्या माऊलीने 'तीव्र' वाचलं आणि पुढचं काही वाचलंच नाही. फोनवर रडत होती. तीव्र म्हणजे मराठी माणसाला जोरदार, भयंकर. तीव्र वेदना, तीव्र दुष्काळ, तीव्र निषेध. त्यात 'अचानक आणि थोड्या काळाचं' हा अर्थ येतच नाही. मी ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी शांतपणे सांगितलं की हे अचानक उद्भवलेलं आणि सौम्य प्रकारचं आहे, यातून बहुतेक जण बरे होतात. मग मी पुन्हा लिहिलं: 'स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज, सौम्य स्वरूपाची'. तेव्हापासून आजपर्यंत रुग्णाच्या घरच्यांनी वाचायच्या कागदात आगुदोसाठी मी 'तीव्र' लिहिलेलं नाही.

डॉक्टरांसाठीच्या कागदात प्रश्न वेगळा, तिथे 'तीव्र' ही ठरलेली संज्ञा आहे आणि ते वाचणाऱ्याला कळते. पण मला विचाराल तर आपल्याकडे याहून नेमका शब्द कधीचा पडून आहे. आयुर्वेदात आजार 'आशुकारी' आणि 'चिरकारी' असे सांगितलेत. आशु म्हणजे झटकन, चिर म्हणजे दीर्घकाळ. आगुदो आणि क्रोनिकोला यापेक्षा चपखल जोडी मला कुठल्याही भाषेत दिसली नाही. लोकांच्या तोंडी नाही हे खरं, पण वैद्य मंडळी आजही वापरतात.

अंगणवाडीचं काम ज्यांनी बघितलंय त्यांना हा गुंता ओळखीचा वाटेल. कुपोषित मुलांना सॅम आणि मॅम म्हणतात ना, त्यांच्या मराठी कागदात 'अतितीव्र' आणि 'मध्यम तीव्र' असं येतं. त्यातला 'तीव्र' हा आगुदो आहे, म्हणजे उंचीच्या मानाने वजन घटलेलं, आणि 'अति' किंवा 'मध्यम' हे गांभीर्य. 'देस्नुत्रिसिओन' म्हणजे कुपोषण, स्पॅनिशमध्ये 'देस्नुत्रिसिओन आगुदा' म्हणजे हेच, आणि 'देस्नुत्रिसिओन क्रोनिका' म्हणजे वयाच्या मानाने उंचीच खुंटलेली. ग्वाटेमालाच्या बातम्या वाचाल तर हे दोन्ही शब्द सारखे येतील आणि ते वेगळे आहेत हे माहीत नसेल तर बातमीच चुकीची कळेल. क्रोनिका हा तिथला मोठा, वर्षानुवर्षांचा प्रश्न आहे, आगुदा हा त्या वर्षीच्या दुष्काळाचा.

काही जोड्या जशाच्या तशा ओळखून ठेवा. 'इन्फार्तो आगुदो दे मिओकार्दिओ' हा आपला नेहमीचा हार्ट अटॅक. 'आपेन्दिसीतिस आगुदा', 'ब्रोंकीतिस आगुदा' सहज कळतील. 'आब्दोमेन आगुदो' मात्र टोकदार पोट नव्हे, अचानक जोरात पोट दुखायला लागतं आणि ऑपरेशन लागेल का हे ताबडतोब बघावं लागतं ती अवस्था. 'सुबागुदो' म्हणजे आगुदो आणि क्रोनिकोच्या मधलं.

दुखण्याबद्दल मात्र आगुदोला आणखी एक विरुद्धार्थी आहे आणि तो मला फार आवडतो, 'सोर्दो'. सोर्दो म्हणजे बहिरा. 'दोलोर सोर्दो' म्हणजे बहिरं दुखणं, आत कुठेतरी मंद, सतत चालू असणारं, जागा नेमकी दाखवता येत नाही असं. त्याच्या उलट 'दोलोर आगुदो' म्हणजे कळ, सणक, चमक. स्पॅनिशने दुखणं बहिरं केलं आणि आपण मार मुका केला, मुका मार. बाहेर काही दिसत नाही, आत ठणकतं. पेशंटशी बोलताना डॉक्टरने 'दोलोर आगुदो' म्हटलं तर तुम्ही दुभाषी म्हणून थांबून विचारायला हवं, टोचल्यासारखं म्हणायचंय की अचानक सुरू झालेलं? टोचल्यासारखंच असेल तर 'पुन्सान्ते' हा शब्द जास्त स्वच्छ आहे. मराठी पेशंट कळ, ठणका, सणक, चमक, आग, पेटका असं सगळं वेगवेगळं सांगतो, त्या सगळ्याचं एक 'दोलोर आगुदो' करून टाकू नका, डॉक्टरला त्या फरकातून निदान मिळतं.

माणसाच्या बुद्धीकडे वळते. इथे विरुद्धार्थी पुन्हा ओब्तूसो, बोथट डोक्याचा. 'ओब्सेर्वासिओन आगुदा' म्हणजे इतरांच्या नजरेतून सुटलेलं नेमकं टिपणारं निरीक्षण. मराठीत यासाठी कुशाग्र आहे आणि तो शब्द फोडून बघा, कुश म्हणजे दर्भ, अग्र म्हणजे टोक, दर्भाच्या टोकासारखी बुद्धी. पुन्हा टोकच, धार नव्हे. नुसत्या हुशारीपेक्षा आगुदोमध्ये एक हजरजबाबीपणा पण आहे, एका वाक्यात नेमकं बोट ठेवणं. 'एस्तुबो मुई आगुदो' म्हणजे त्या वेळी त्याने फार मार्मिक उत्तर दिलं. नाम 'आगुदेसा' (स्पेनमध्ये आगुदेथा), आणि सतराव्या शतकातल्या स्पेनमध्ये ही एक साहित्यकलाच होती, बाल्तासार ग्रासिआन या जेसुइट लेखकाने 1648 मध्ये यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या लेखी दोन लांबच्या गोष्टींमधलं कोणालाही न दिसलेलं नातं दाखवणं म्हणजे आगुदेसा. मात्र हाच शब्द डोळ्यांच्या डॉक्टरकडे 'आगुदेसा बिसुआल' होतो, भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं कुठल्या ओळीपर्यंत वाचता येतात ते. शब्दाचं क्रियापद 'आगुसार', आणि 'आगुसार एल ओईदो' म्हणजे हुबेहूब कान टवकारणं.

पण बोचरी, फटकळ जीभ असेल तर ती 'लेंग्वा आफिलादा', तिथे परत धार. ती कापते म्हणून. आणि विनोदात जपून. 'चिस्ते आगुदो' म्हणजे मार्मिक विनोद. माझी एक विद्यार्थिनी तिखट, झणझणीत विनोद म्हणायच्या हेतूने स्पॅनिश पाहुण्यांसमोर 'चिस्ते पिकान्ते' म्हणाली, त्याचा अर्थ चावट विनोद, आणि ती बिचारी नंतर आठवडाभर अस्वस्थ होती.

यावरून तिखट. आपला तिखट हा संस्कृत तीक्ष्णचाच नातू, म्हणून आपल्याकडे मिरचीही तिखट, कानही तिखट, जीभही तिखट. स्पॅनिशमध्ये टोक जिभेपर्यंत पोचलं नाही. मिरचीला 'पिकान्ते', 'पिकार' म्हणजे टोचणं-चावणं या क्रियापदावरून, डास चावतो तेही पिकार. ठेचा आगुदो आहे असं म्हणू नका, तो पिकान्तेच.

संकटासाठी आगुदो म्हणजे टोकाला पोचलेलं. 'क्रीसिस आगुदा', 'एस्कासेस आगुदा' म्हणजे भयंकर टंचाई. इथे मात्र 'तीव्र' बिनधास्त वापरा, इथे तो शोभतो. क्रियापद 'आगुदिसार्से', आणि त्याला मराठीत चिघळणे इतकं सुंदर बसतं की दुसरं काही शोधू नये. संप चिघळला, वाद चिघळला, 'से आगुदिसो एल कॉन्फ्लिक्तो'. जागाही बघा, पेपरवाले विशेषण पुढे आणून 'ला आगुदा क्रीसिस' लिहितात, त्याने जोर वाढतो. डॉक्टर तसं कधीच करत नाहीत, ब्रोंकीतिसच्या मागेच आगुदा येणार, पुढे आणलंत तर वाचणाऱ्याला खटकेल.

बाकी जिथे जिथे इंग्लिशमध्ये शार्प येतं आणि स्पॅनिशमध्ये आगुदो येत नाही ते पटकन सांगून टाकते, फोटो स्वच्छ आला तर 'नीतिदो', घाटातलं अवघड वळण 'कुर्बा सेर्रादा', पाच म्हणजे पाचला या 'आ लास सिंको एन पुंतो', भाव एकदम घसरले तर 'काईदा ब्रुस्का', ठळक फरक 'कॉन्त्रास्ते मार्कादो'. सगळे वेगळे शब्द, पाठच करावे लागतात.

शेवटी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण पुढे नक्की अडेल. 'आगुदो' आणि 'आगुआदो' यांत एका 'आ'चा फरक आहे, पण 'आगुआदो' हा 'आग्वा' म्हणजे पाणी यावरून, पाणी घातलेला, पाणचट. 'काफे आगुआदो' म्हणजे पाणचट कॉफी, मेक्सिकोत ढिलं, लिबलिबीत यालाही आगुआदो म्हणतात. गोव्याचा आग्वाद किल्लाही याच पाण्यातला. तिथे गोड्या पाण्याचा झरा होता, लांबून आलेली पोर्तुगीज जहाजं तिथे पाणी भरून घ्यायची, 1612 सालचा किल्ला, पोर्तुगीज 'आग्वा' वरून नाव. दर वर्षी ट्रिपहून आलेलं कोणीतरी मला विचारतंच की मॅडम, समुद्रात शिरलेलं टोक आहे म्हणून आग्वाद का? टोक आहे खरं, पण नाव पाण्याचं आहे. टोकाचं नाव बघायचं असेल तर स्पेनमध्ये मुर्सिया शहराजवळ मोन्तेआगुदो आहे, सपाट बागायतीतून सरळ वर उठलेला सुळका आणि त्यावर जुना किल्ला. मोन्ते म्हणजे डोंगर. आणि तुमच्या होमवर्कचं वाक्य 'मी कुचीयो एस्ता मुई आफिलादो' असं करा, 'एस' नको 'एस्ता', कारण धार लावली म्हणून आहे, वापरून वापरून जाईल आणि परत लावावी लागेल.